फळ्यावरचे प्रश्न

१

दुपारी दोनला हायस्कुलाची घंटा झाली आणि परीक्षेच्या खोलीतून तिघे उमेदवार बाहेर पडले. रमाकांत आणि इंद्रभान पायऱ्या उतरून निघून गेले. सुलभा उन्हात पाऊल टाकताच डोळ्यांवर पदर ओढून भिंतीला टेकली. कडुनिंबाखाली तिची वाट पाहत बसलेल्या वच्छलामामी धावत आल्या. काय झालं म्हणून विचारलं, तर पोरगी डोळ्यांवरचा पदर काढेना. घरी न नेता मामींनी तिला तशीच हाताला धरून जनाना दवाखान्यात आणलं.

डॉ. प्रेमला तेव्हा जेवायला उठणार होत्या. लढाईमुळे जिल्ह्यातले निम्मे डॉक्टर फौजेत गेले होते आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात बायकांसाठी त्या एकट्याच उरल्या होत्या. डोणगावहून, रोहिणखेडहून बैलगाडीत घालून बाळंतिणी येत. त्यातल्या काही वाटेतच संपत. म्हणून डिस्ट्रिक्ट कौन्सिलने एक विद्यार्थी आपल्या खर्चाने नागपूरला डॉक्टरी शिकायला पाठवावा आणि त्याने परत येऊन जिल्ह्यातच काम करावं, असा ठराव आला तेव्हा सर्वांत जास्त आनंद प्रेमलाबाईंना झाला होता. मुलींनाही अर्ज करू द्या, एवढ्यासाठी त्या मेंबरांच्या दारोदार हिंडल्या होत्या.

इंटरच्या गुणांवरून तीन नावं निघाली. त्यांत मेहकरच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाची, इथे मामांकडे राहून शिकलेली मुलगी सुलभा सगळ्यांत वर होती. खालोखाल बुलढाण्याच्या वकिलांचा रमाकांत आणि शेवटी दुसरबीडच्या शेतकऱ्याचा इंद्रभान. तिघांची एक लेखी परीक्षा, तिच्यात जो पहिला तो नागपूरला. जागा सुलभाचीच, असं गावात सगळे धरून चालले होते.

"बाई, मले भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं," सुलभा सांगू लागली. "खिडकीतून झाडावरचे पक्षी दिसत होते. फक्त हातातला कागद दिसून नाही राह्यला. सगळी अक्षरं पाण्यात विरघळल्यावानी."

प्रेमलाबाईंनी तिला खिडकीशी बसवून डोळे पाहिले. एवढ्या उजेडातही दोन्ही बाहुल्या पसरलेल्या होत्या. डोळ्याचा तपकिरी रंग नुसता काठाला उरला होता. त्यांनी जीभ पाहिली, ती ओली होती. नाडी ठीक होती. बोलण्यात गोंधळ नव्हता. पोटात विष गेलं असतं तर घसा कोरडा पडला असता, मुलगी बरळली असती. म्हणजे जे गेलं ते फक्त डोळ्यांत गेलं होतं.

आज किंवा काल डोळ्यांत कोणी औषध घातलं होतं का, असं त्यांनी विचारलं. सुलभा नाही म्हणाली. त्यांनी वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं. तिने पुन्हा नाहीच सांगितलं, आणि ती खोटं बोलत नव्हती.

प्रेमलाबाईंचं जेवण तसंच राहिलं. औषध डोळ्यांत गेलं होतं यात शंका नव्हती. ते घालणारं कोणीतरी होतं, आणि ज्या मुलीच्या डोळ्यांत ते गेलं तिला त्याचा पत्ताच नव्हता.

२

कौन्सिलचे उपाध्यक्ष रामराव हे मोठे जमीनदार, मनाने वाईट नव्हते, पण त्यांना भानगड नको असे. प्रेमलाबाई गेल्या तेव्हा तिन्ही उत्तरपत्रिका त्यांच्या टेबलावर आल्या होत्या. सुलभाची त्यांनी उघडून दाखवली. ओळीवर ओळ चढली होती. एक वाक्य कागदाच्या कडेवरून घसरून संपलं होतं. शाई वाळायच्या आत हात फिरला होता. नागपूरचा कोणता परीक्षक हे वाचणार होता?

"पोरगी घाबरली असंन, बाई," रामराव म्हणाले. "मोठी परीक्षा. पोरीच्या जातीले असं होते."

घाबरून डोळ्यांच्या बाहुल्या दिवसभर पसरून राहत नाहीत, हे प्रेमलाबाईंनी समजावलं. रामरावांनी ऐकून घेतलं, मग दुसरी वाट काढली. धोत्र्याचा चीक डोळ्यांत गेला तरी बाहुल्या अशाच पसरतात, आणि वच्छलामामी रोज महादेवाला धोत्र्याची फुलं वाहतात, हे गावाला ठाऊक होतं. पोरीने फुलं तोडली असतील आणि तोच हात डोळ्याला लागला असेल, असं त्यांचं म्हणणं. मग यात कोणाचा दोष नाही आणि चौकशीचंही कारण नाही.

प्रेमलाबाईंना ते पटलं नाही. चीक लागलेला हात चोळला तर एका डोळ्याला जास्त, एकाला कमी असं होतं. इथे दोन्ही बाहुल्या सारख्याच पसरल्या होत्या, थेंब मोजून घातल्यासारख्या. पण रामरावांना बारकावे नको होते. उत्तरपत्रिका शनिवारच्या टपालाने नागपूरला जाणार, त्याआधी काही पक्कं हाती लागलं तर सांगा, नाहीतर विषय संपला, असं त्यांनी सांगितलं.

प्रेमलाबाई तिथून तडक वच्छलामामींच्या घरी गेल्या. धोत्र्याबद्दल विचारताच मामी दुखावल्या. पूजेची फुलं त्या स्वतः आंघोळ करून तोडत, दुसऱ्या कोणाचा हात त्या परडीला लागू देत नसत. सुलभा तर परीक्षेच्या दिवशी परसात गेलीच नव्हती.

ती वाटही बंद झाली. प्रेमलाबाई चिडून उठल्या आणि जाता जाता मामांना नमस्कार करावा म्हणून आतल्या खोलीकडे वळल्या.

वामनमामा कोर्टातून पेन्शनीत निघालेले, एरवी दिवसभर ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारणारे गृहस्थ. आज ते खिडकी लावून अंधारात पडले होते आणि त्यांच्या डोळ्यांवर ओला पंचा होता.

३

सकाळपासून ऊन सहन होत नाही, म्हणून पडून आहे, असं मामांनी सांगितलं. वय झालं, दुसरं काय. प्रेमलाबाईंनी पंचा बाजूला केला, खिडकीचं दार किंचित उघडलं. मामांच्या बाहुल्याही तशाच पसरल्या होत्या.

"मामा, तुम्ही डोळ्यांत काय घालता?"

"काही नाही बा. मी कशाले औषध घालतो? झोपताना गुलाबपाणी तेवढं. उन्हाळा आहे."

सुलभा दारातच उभी होती. प्रेमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तसा तिचा चेहरा उतरला. तीही तेच गुलाबपाणी घालत असे. वाचून डोळे चुरचुरले की दोन थेंब. आज सकाळी आंघोळीनंतर घातलं होतं आणि डोळे जड वाटले म्हणून निघताना पुन्हा घातलं होतं. पण ते काय औषध असतं? बाईंनी औषध विचारलं होतं, म्हणून ती नाही म्हणाली होती.

बाटली ओसरीवरच्या कोनाड्यात, सुलभाच्या पुस्तकांशेजारी होती. लहानशी, तळाला थोडं पाणी उरलेलं. वास गुलाबाचाच होता. तपासायला पाठवायची तर नागपूरला पाठवावी लागली असती आणि उत्तर यायला महिना गेला असता. प्रेमलाबाईंनी अंगणात पाहिलं. घरची मांजर तुळशीच्या कट्ट्याजवळ ऊन खात पडली होती.

मामींनी मांजर धरली. प्रेमलाबाईंनी बाटलीतला एक थेंब तिच्या उजव्या डोळ्यात टाकला आणि डावा तसाच ठेवला. मांजर ओरडली, मामींच्या हाताला ओरखडा काढून कट्ट्याखाली शिरली. सगळे ओसरीवर बसून राहिले. मामींनी चहा केला, तो कोणीच घेतला नाही. बऱ्याच वेळाने मांजर आपणहून बाहेर आली. उन्हात तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली दोऱ्यासारखी बारीक होती. उजवी काळी, वाटोळी, डोळाभर पसरली होती.

मामींनी कपाळावर हात मारला. सुलभा उठून आत गेली.

प्रेमलाबाईंनी मग नीट विचारून घेतलं. आदल्या दिवशी दुपारी सुलभाने तीच बाटली वापरली होती आणि संध्याकाळपर्यंत ती व्यवस्थित वाचत होती. रात्री झोपताना मामांनी थेंब घातले. म्हणजे दुपार ते रात्र, तेवढ्यातच कोणीतरी बाटलीत ते मिसळलं होतं. सकाळी सुलभाला कळलं कसं नाही? तिने सकाळी पुस्तक उघडलंच नव्हतं. परीक्षेच्या दिवशी डोकं ताजं ठेवायचं, एक ओळही वाचायची नाही, असं तिला शिकवणाऱ्या हायस्कुलातल्या नीळकंठ मास्तरांनी बजावलं होतं.

त्या दुपारपासून रात्रीपर्यंत घरी कोण आलं होतं? मामींना आठवायला वेळ लागला नाही. चार वाजता नीळकंठ मास्तर येऊन गेले, सुलभाला दोन गोष्टी समजावून सांगायला. दिवेलागणीला इंद्रभान आला होता, काही अडलं ते विचारायला. आणि सकाळी रमाकांत आला, शाळेत बरोबर जाऊ म्हणून.

रमाकांतचं नाव निघताच प्रेमलाबाई ताठ झाल्या. बाहुली पसरवणारं, डोळ्यांत घालायचं औषध बुलढाण्यात एकाच घरी होतं, आणि ते त्यांनीच दिलं होतं. ते घर रमाकांतचं होतं.

४

वकिलांच्या डोळ्यांना सूज होती म्हणून महिन्याभरापूर्वी प्रेमलाबाईंनी त्यांना अट्रोपीनचे थेंब दिले होते. बाटली बरेच दिवस पुरायला हवी होती. पण परीक्षेच्या आधीच वकिलांचा गडी दुसरी बाटली न्यायला आला, तेव्हा सांडली असेल असं समजून त्यांनी दिली होती.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी त्यांना बाहेरच्या बैठकीतच बसवलं. बाटली सांडली नव्हती, नेमाने घालूनही ती लवकर संपली, असं ते म्हणाले. ती कुठे ठेवता, असं विचारल्यावर त्यांनी समोरच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे रमाकांतची पुस्तकं पडली होती. नीळकंठ मास्तर रोज संध्याकाळी इथेच त्याची शिकवणी घेत.

गुलाबपाण्याची गोष्ट रातोरात गावभर झाली होती. पुढचा प्रश्न कशाबद्दल असणार हे वकिलांनी ओळखलं आणि त्यांचा आवाज चढला. माझ्या मुलावर आळ घेण्याआधी तो परवा कुठे होता ते विचारा, असं ते म्हणाले. परवा सकाळपासून रमाकांत आईबरोबर मेहकरला लग्नाला गेला होता. शेवटच्या मोटारीने परतला, तेव्हा गाव झोपायला लागलं होतं. त्याच लग्नाला गेलेली दहा घरं बुलढाण्यात होती, कोणालाही विचारावं.

प्रेमलाबाईंनी विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. रमाकांत सुलभाच्या घरी गेला तो सकाळी, आणि मामांनी तर रात्रीच थेंब घातले होते. हातात आलेला माणूस असा निसटला. त्यांना स्वतःचाच राग आला. दवाखान्यात बायका ताटकळत होत्या, शनिवार जवळ येत होता आणि त्या उन्हातान्हात घरोघर प्रश्न विचारत फिरत होत्या.

राहिला इंद्रभान. तो ओळखीच्यांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत उतरला होता आणि गावी परतायला गाठोडं बांधत होता. प्रेमलाबाईंना पाहून त्याने खाट पुढे ओढली. आपण सुलभाबाईंकडे गेलो होतो हे त्याने लगेच कबूल केलं. रसायनातलं एक समीकरण सुटत नव्हतं, त्यांनी ते समजावून दिलं, गूळ-पाणी पाजलं, तो परत आला. वकिलांचं घर त्याने बाहेरूनही पाहिलं नव्हतं. अट्रोपीन हा शब्द त्याला दोनदा सांगावा लागला.

खोटं बोलणारा मुलगा वाटत नव्हता. प्रेमलाबाई उठल्या. निघताना, काहीतरी विचारायचं म्हणून, त्यांनी पेपर कसा गेला असं विचारलं.

"माह्या मानानं बरा गेला, बाई. आपल्याले कुठं नंबर लागायचा," इंद्रभान म्हणाला. "एक मात्र समजलं नाही. नीळकंठ मास्तरनं काऊन सारे प्रश्न फळ्यावर लिहिले?"

"कधी?"

"सुरुवातीलेच. पाकीट फोडलं, कागद वाटायच्या आधीच खडू घेतला अन् मोठमोठ्या अक्षरांत लिहायले लागले. म्हणाले, छपाई पुसट आहे. मंग आमच्या हातात कागद आले. छपाई तं एकदम साफ होती."

प्रेमलाबाईंनी त्याच्याजवळचा प्रश्नांचा कागद मागून घेतला. दारात जाऊन उजेडात धरला. काळी, ठसठशीत, नवी कोरी अक्षरं. चाळिशी न लावताही वाचता येतील अशी.

त्या पुन्हा आत येऊन खाटेवर बसल्या. घाईघाईने निघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

५

नीळकंठ मास्तर शाळेच्या सायन्सच्या खोलीत काचेची नळकांडी पुसत होते. सुट्टी होती, शाळेत कोणी नव्हतं. मास्तर पन्नाशीचे, सडपातळ, अंगात स्वच्छ पण विरलेला कोट. वऱ्हाडातल्या कितीतरी पोरांना त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. सुलभा शाळेत असल्यापासून त्यांची आवडती विद्यार्थिनी होती. इंटरला अमरावतीला गेली, तरी सुट्टीत त्यांच्याकडेच शिकायला येई, आणि या परीक्षेसाठीही तेच तिला शिकवत होते.

प्रेमलाबाईंनी प्रश्नांचा कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही फळ्यावर प्रश्न का लिहिलेत?"

"छपाई पुसट होती."

"हा कागद त्याच पाकिटातला आहे."

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं नाही. त्यांनी नळकांडं लाकडी घोडीत नीट ठेवलं.

प्रेमलाबाईंनी मग शांतपणे सांगितलं. थेंब ज्या घरी होते, तिथे रोज बाटलीजवळ बसणारे दोघेच, रमाकांत आणि मास्तर. त्या दुपारपासून रात्रीपर्यंत सुलभाच्या घरी जाणारेही दोघेच, इंद्रभान आणि मास्तर. दोन्हीकडे गेलेला माणूस एकच होता. तरीही त्यांना खात्री वाटली नसती. मास्तर त्या मुलीचं वाईट करतील हे त्यांना पटलंच नसतं. पण परीक्षेच्या खोलीत सुलभाने कोणाला काही सांगायच्या आधी, कागद हातात पडायच्याही आधी, तिला तो वाचता येणार नाही हे एका माणसाला माहीत होतं. लांबचं दिसेल, जवळचं दिसणार नाही, हेसुद्धा माहीत होतं. म्हणून त्याने फळा भरला.

मास्तर स्टुलावर बसले. मग त्यांनी सांगितलं, ते असं.

त्यांची मुलगी एकोणीस वर्षांची झाली होती. दोन स्थळं ठरून मोडली होती. वकिलांनी रमाकांतसाठी तिला पसंत केलं, पण एक अट घातली. मुलगा कौन्सिलच्या खर्चाने डॉक्टरीला गेला तर लग्न इथे, नाहीतर त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलायला तयार असलेल्या अमरावतीच्या एका मोठ्या घराण्याला त्यांनी आधीच होकार देऊन ठेवला होता. रमाकांत हुशार होता. इंटर झाल्यापासून मास्तरांनी जीव ओतून त्याला शिकवलं. आणि शेजारच्याच गल्लीत ते सुलभालाही शिकवत होते.

"दोघांच्या सराव परीक्षा मीच घेत होतो," मास्तर म्हणाले. "मला त्यांचे गुण पाठ होते. कसंही केलं तरी ती दहा-पंधरा गुणांनी पुढे असायची. दर वेळी. मला तेवढेच कमी करायचे होते, बाई. दहा-पंधरा. जास्त नाही."

अकोल्याला चाळिशीचा नंबर काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत असे थेंब घातले होते. तीन दिवस त्यांना वर्तमानपत्र वाचता आलं नव्हतं. ते त्यांच्या लक्षात राहिलं. वकिलांच्या टेबलावर बाटली दिसली, तेव्हा आधी नुसता विचार आला. मग थोडं थोडं करून एका कुपीत त्यांनी ते जमवलं. शिकवताना सुलभा गुलाबपाणी घालते हे ते पाहत असत; परीक्षेच्या आदल्या दिवशी ती कुपी त्यांनी कोनाड्यातल्या बाटलीत रिकामी केली. थोड्या थेंबांनी मुलगी जरा सावकाश लिहील, एवढंच होईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

"मग फळा?"

"पाकीट फोडलं आणि समोर पाहिलं. ती पेन काढून बसली होती. माझ्याकडे पाहून हसली." मास्तर सांगत होते. "मला वाटलं, निदान प्रश्न तरी तिला वाचता येऊ देत. स्वतःचं लिहिलेलं तिला दिसणार नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी इतकी वर्षं डोळा शिकवतो, आणि ते लक्षात आलं नाही."

प्रेमलाबाईंना त्यांच्यावर ओरडायचं होतं. दोन दिवस मनात साठलेलं सगळं त्यांना या माणसावर काढायचं होतं. पण समोर बसलेल्या माणसाला त्याने काही झालं असतं असं त्यांना वाटेना. त्यांनी एवढंच सांगितलं, की हे सगळं तुम्ही रामरावांसमोर जसंच्या तसं बोला, आजच. मास्तर कोट झटकून उठले. खोलीला त्यांनी कुलूप लावलं.

६

शनिवारचं टपाल गेलं, पण उत्तरपत्रिका गेल्या नाहीत. एवढं एक प्रेमलाबाईंच्या मनासारखं झालं.

नीळकंठ मास्तरांनी काहीही लपवलं नाही. रामरावांनी ऐकलं आणि डोकं धरून बसले. प्रेमलाबाईंचं म्हणणं सोपं होतं. सुलभाचे डोळे पंधरवड्यात मोकळे होतील. तोवर नागपूरकडून मुदत मागावी आणि तिघांची परीक्षा पुन्हा घ्यावी. त्यांना वाटलं होतं, आता यात वाद घालण्यासारखं काय उरलं?

सभा सकाळी सुरू झाली आणि दुपार टळून गेली तरी चालू होती. प्रेमलाबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. आत कोणी बोलावलं नाही. वकिलांनी निरोप पाठवला होता, की माझ्या मुलाने काही गैर केलेलं नाही, त्याची झालेली परीक्षा रद्द केली तर मी कोर्टात जाईन. काही मेंबर म्हणाले, मग रमाकांतलाच पाठवा. काहींनी आठवण दिली, की तसं केलं तर डॉक्टरीणबाई गप्प बसणार नाहीत. कोणी म्हणालं, आपल्या जिल्ह्याचं नाव नागपूरच्या कचेरीत असं जायला नको. आणि सगळ्यांना एकदम पटेल असा मार्ग अखेर निघाला.

रामराव बाहेर आले तेव्हा त्यांना बाईंकडे पाहवत नव्हतं.

"या वर्षी लायक उमेदवार मिळाला नाही, असं कळवून देतो," ते म्हणाले. "जागा नागपूरले परत."

"म्हणजे कोणीच जाणार नाही?"

"कोणावर अन्याय नको, बाई. मास्तरची बदली करतो लांब कुठं. बभ्रा नको."

प्रेमलाबाईंनी गुन्हा शोधला होता, गुन्हेगार उभा केला होता, त्याने कबूलही केलं होतं, आणि त्याचा परिणाम म्हणून जागाच नाहीशी झाली होती. त्या गप्प बसल्या असत्या तर निदान रमाकांत तरी डॉक्टर होऊन परत आला असता. डोणगावची बैलगाडी आणखी सहा वर्षांनीसुद्धा त्यांच्याच दारात येऊन उभी राहणार होती. रामरावांना त्या बरंच काही बोलल्या. रामरावांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी, बाई, आता ऊन उतरलं, मी गाडी जोडायला सांगतो, असं म्हणाले.

पावसाळ्याआधीच मास्तर बायको-मुलीला घेऊन बुलढाणा सोडून गेले. त्यांना निरोप द्यायला कोणी गेलं नाही. रमाकांत वकिली शिकायला नागपूरला गेला. जायच्या आधी तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला, बराच वेळ उभा राहिला आणि आत न येताच परत फिरला. इंद्रभान दुसरबीडला शेतीला लागला.

सुलभाने मेहकरला परत जायचं नाकारलं. मामांकडेच राहून ती मुलींच्या शाळेत शिकवू लागली आणि संध्याकाळी अभ्यास करू लागली. सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात येऊन ती प्रेमलाबाईंच्या हाताखाली उकळलेली भांडी पुसायची, बायकांची नावं लिहून घ्यायची. मास्तरांविषयी ती कधीच बोलली नाही. एकदा मामींनी त्यांना शिव्या दिल्या तेव्हा ती उठून बाहेर गेली, एवढंच.

पुढच्या वर्षी वऱ्हाडातल्या चारही जिल्ह्यांना मिळून तसली एकच जागा आली. परीक्षा अकोल्याला होती. प्रेमलाबाईंनी दवाखाना एका दिवसापुरता नर्सवर सोपवला आणि त्या स्वतः तिच्याबरोबर गेल्या. तिचं पाणी, तिचा डबा, तिचा रुमाल, सगळं त्यांनी आपल्याजवळ ठेवलं. कोणाला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. सुलभा नुसती हसत होती.

निकाल आला तेव्हा ती दुसरी होती. यवतमाळकडचा एक मुलगा तीन गुणांनी पुढे गेला होता. जागा एकच होती आणि पुढच्या वर्षी तिचं वय अटीत बसत नव्हतं.

प्रेमलाबाईंनी निकाल ऐकून हातातला चिमटा ट्रेमध्ये आपटला. पेपर परत तपासायला लावू, नागपूरला जाऊ, मोठ्या साहेबांना भेटू, असं त्या भराभर बोलत सुटल्या. सुलभाने त्यांना बोलू दिलं. मग ती शेजारी बसली.

"कोणाले भेटू नका, बाई. या वेळी कोणीच काही केलं नाही. शरीरशास्त्राच्या भागातला एक मोठा प्रश्न मले आलाच नाही. त्याले आला असंन. मले वाटत होतं, हरली तर फार रडू येईन. नाही आलं."

"मागच्या वर्षी तू पहिली आली असतीस," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"हो," सुलभा म्हणाली. "पण ते आपल्या दोघींलेच माहीत आहे."

बाहेर बाकावर बायका खोळंबल्या होत्या, आणि त्यांतली एक मघापासून कण्हत होती. सुलभा उठली आणि तिला आत घेऊन आली.